बैठकीच्या खोलीपलीकडे : इंदूरच्या एका मंडळीतलं गृहभेटीचं प्रकरण

हे टिपण पाळक (चर्चचे धर्मगुरू), मंडळीचे म्हणजे चर्चच्या सभासदांचे वडील (कारभार पाहणारे ज्येष्ठ) आणि पंचकमिटीच्या सभासदांनी बसून चर्चा करावी म्हणून लिहिलं आहे. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि नावं मुद्दाम ठेवलेली नाहीत. मी त्याच मंडळीच्या कमिटीवर आहे, निवृत्त नर्स आहे, आणि यातल्या बऱ्याच भेटींना हजर होते.

घर

आबा ८१ वर्षांचे. सरकारी शाळेत कारकून होते, पेन्शन चालू आहे. मुलगा एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात, सकाळी नऊला बाहेर पडतो तो रात्रीच घरी येतो. सुनेचं माहेर जालन्याकडचं, लग्नाआधी ती बालवाडी चालवायची. नातू बारावीला. आजी जाऊन काही वर्षं झाली. घर परदेशीपुऱ्याच्या बाजूला, भाड्याचं, पहिल्या मजल्यावर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. खाली घरमालक राहतात.

इंदूरला कॅनडाचं प्रेस्बिटेरियन (वडिलांच्या कारभाराने चालणाऱ्या प्रॉटेस्टंट पंथाचं) मिशन १८७७ मध्ये आलं. क्रिश्चन कॉलेज त्याच मिशनचं, १८८७ चं. आमची मंडळी त्या परंपरेतली. उपासना हिंदीत होते, कारण मराठी घरं आता थोडीच उरली आहेत. नातवाच्या पिढीची पोरं दारात ‘जय मसीह की’ म्हणतात, आबांच्या तोंडी अजून ‘सलाम’ असतो. आमचे पाळकसाहेब बऱ्हाणपूरकडचे, वयाने तरुण, घरात मराठी बोलणारे. हे या प्रकरणात फार उपयोगी पडलं, कारण आजार वाढला तशी आबांची हिंदी गळत गेली आणि लहानपणची मराठी तेवढी राहिली.

आबांना अल्झायमर असल्याचं डॉक्टरांनी तीन वर्षांपूर्वी सांगितलं. भारतात साठीपुढच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के आहे, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे कोणत्याही जुन्या मंडळीच्या यादीत अशी घरं असणारच. आमच्या यादीत मात्र अशा घरांपुढे एकच शेरा असायचा : ‘वयोमानामुळे येत नाहीत.’

पहिली भेट

कुटुंब चर्चला यायचं थांबलं. आधी आबा थांबले, मग सून, शेवटी मुलगाही. कमिटीत विषय निघाला आणि भेट ठरली. गुरुवार, संध्याकाळी पावणेसात. सगळ्यांची कामं आटोपून जमता येईल अशी ती वेळ. गेलो सातजण : पाळकसाहेब, तीन वडील, खजिनदार, तरुण संघाचा एक मुलगा गिटार घेऊन, आणि मी.

सूनबाईंनी खालून खुर्च्या मागून आणल्या होत्या. चिवडा, केळ्याचे वेफर्स आणि चहा तयार होता. आबांना इस्त्रीचा शर्ट घातलेला होता, दाढी केलेली होती. ते सारखे दाराकडे बघत होते आणि ‘घरी जायचं’ म्हणत होते. मुलगा त्या दिवशी लवकर आला होता आणि बोलणं सगळं त्याच्याशीच चाललं. पाळकसाहेबांनी शास्त्रपाठ वाचला, मग एका वडिलांनी रेव्हरंड टिळकांचं एक मराठी भजन धरलं. आणि ज्या माणसाला मुलाचं नाव आठवत नव्हतं, त्याने ते भजन शेवटच्या कडव्यापर्यंत म्हटलं, चालीसकट. खोलीतल्या सगळ्यांचे डोळे भरून आले. दोन वडील तर उठून आबांच्या पाया पडले.

सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात ट्रे धरून उभ्या होत्या. एक वडील त्यांना म्हणाले, “बघा ताई, प्रभूचं वचन कसं पुसलं जात नाही!” त्या म्हणाल्या, “गातात, हो. रात्री तीनलाही गातात.” यावर सगळे हसले आणि चहा घेतला.

निघताना खजिनदारांनी पिशवीतून पावतीपुस्तक काढलं. आठ महिन्यांची वर्गणी राहिली होती. त्यांनी मागितली नाही, नुसतं ‘सोयीने बघा’ म्हणाले. मुलाने पाकीट काढून पाचशे रुपये दिले. अहवालात त्या भेटीबद्दल असं लिहिलं गेलं : ‘कुटुंब आनंदित. आबा विश्वासात दृढ.’

त्या रविवारी मध्यस्थीच्या, म्हणजे इतरांसाठी करायच्या, प्रार्थनेत व्यासपीठावरून त्यांचं नाव घेतलं गेलं. आबांसाठी, आणि ‘रात्री त्यांना आवरताना कुटुंबाला जो त्रास होतो त्यासाठी’. प्रार्थना कळकळीची होती. दुपारपर्यंत सुनेच्या नणंदेचा महूहून फोन आला : आमच्या बापाला आवरावं लागतं म्हणून तू लोकांना सांगत फिरतेस का?

दार बंद झालं

पुढचे दोन महिने फोन केला की एकच उत्तर : आबा झोपलेत. पाळकसाहेब एकदा तसेच गेले, तर सूनबाई ओटल्यावर आल्या, चार शब्द बोलल्या आणि ‘या’ म्हणाल्या नाहीत. आमच्या लोकांत पाळकाला दारातून परत पाठवणं ही छोटी गोष्ट नाही.

कमिटीत तीन तर्क लढवले गेले. एक, वर्गणी थकलीय म्हणून तोंड चुकवतात. दोन, सून दुसऱ्या कुठल्या तरी प्रार्थना-सभेला जायला लागली असणार. तीन, घरमालकाने हरकत घेतली. तिन्ही तर्क करणाऱ्यांना त्या घरात काय चाललंय यापेक्षा मंडळीचं काय जातंय याची काळजी जास्त होती, असं माझं मत आहे आणि ते मी बैठकीत बोललेही.

तिसऱ्या तर्कात मात्र तथ्य निघालं. सातजणांचं गाणं आणि गिटार खाली ऐकू गेलं होतं. घरमालक वाईट माणूस नव्हे. त्याने एवढंच विचारलं, “काय कार्यक्रम होता?” पण मध्य प्रदेशात २०२१ चा धार्मिक स्वातंत्र्य कायदा आल्यापासून हा प्रश्न साधा राहिलेला नाही. धर्मांतर करायचं असेल तर साठ दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं, ते घडवणाऱ्या पाळकानेही कळवायचं, असं त्यात आहे. त्या कायद्याचा विषय धर्मांतर आहे. तीन पिढ्यांच्या ख्रिस्ती घरात म्हाताऱ्यासाठी केलेली प्रार्थना त्यात येत नाही. हे आम्हाला ठाऊक होतं, सूनबाईंनाही ठाऊक होतं. पण भाडेकरूला कायद्यापेक्षा घरमालक जवळचा.

भेटीत तपासणी कुठून आली

इथे थोडं मागे जावं लागेल. घरोघरी जाणं हे पाळकाचं जुनं काम. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या विसाव्या अध्यायात प्रेषित पौल इफिसच्या मंडळीच्या वडिलांना सांगतो की मी तुम्हाला चारचौघांत शिकवलं आणि घरोघरीही. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये किडरमिन्स्टरचा रिचर्ड बॅक्स्टर आठवड्यातले सोमवार-मंगळवार याच कामाला द्यायचा. पंधरा-सोळा कुटुंबं एका आठवड्यात, अशा हिशोबाने आठशेंवर कुटुंबं वर्षात पुरी व्हायची. पण त्याच्या भेटी म्हणजे धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरं होती. स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन मंडळ्यांत प्रभुभोजनाच्या (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीच्या) आधी वडील लोकांची चौकशी करत आणि लायक वाटेल त्याला धातूचं एक टोकन देत. ते दाखवल्याशिवाय मेजाशी बसता येत नसे. कॅनडाच्या मिशनऱ्यांबरोबर वडिलांची ही पद्धत आमच्याकडे आली. टोकन गेलं, पावतीपुस्तक आलं. पाळक येणार म्हटल्यावर चादरी बदलणं, भांडण झाकणं, आबांना इस्त्रीचा शर्ट घालणं हे त्याच परंपरेचं घरातलं रूप आहे. ज्या घराने दोन दिवस खपून स्वतःला नीटनेटकं केलं, तिथे जाऊन ‘सगळं ठीक दिसलं’ असा अहवाल लिहिणं सोपं असतं.

त्याच मिशनांबरोबर आलेली दुसरी एक गोष्ट मात्र आम्ही टिकवली नाही, ती म्हणजे बायबलबाई. या बाया घराघरांत जायच्या, निवडण-टिपण करत बोलायच्या, थेट चुलीपाशी बसायच्या. त्यांना पगार तुटपुंजा आणि मान त्याहून कमी. पण पाळकाची भेट बैठकीच्या खोलीत संपते आणि घरातलं दुखणं आतल्या खोलीत असतं, हे अंतर त्याच भरून काढत. ते पद गेलं, आणि त्याची जागा महिला मंडळाच्या फराळाच्या कार्यक्रमांनी घेतली. हे माझं मत थोडं कडू आहे, पण मी ते मागे घेणार नाही.

नोव्हेंबर

दार उघडलं ते पेन्शनमुळे. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो आणि आबांना बँकेत नेणं सुनेच्या जिवावर आलं होतं. आदल्या वर्षी ते रांगेतून निघून गेले होते. पोस्टमन घरी येऊन अंगठा घेऊन डिजिटल दाखला करून देतो, सत्तर रुपयांत, ही सोय २०२० पासून आहे. तिला ती माहीत नव्हती. मी फोन करून तेवढंच सांगितलं आणि पोस्टमन येईल त्या दिवशी सकाळी येऊ का, असं विचारलं. ती म्हणाली, “मावशी, एकट्या येणार असाल तर या.”

सकाळी अकराचे आबा मला ओळखू येईनात. शांत होते, गॅलरीत बसून शेंगा सोलत होते. टरफलं भांड्यात जात होती आणि दाणे जमिनीवर, पण माणूस शांत होता. स्मृतिभ्रंशाच्या बऱ्याच रुग्णांची अस्वस्थता दिवस कलता कलता वाढते, हे मी नोकरीत पाहिलेलं होतं. आम्ही पावणेसातला गेलो होतो. त्यांच्या दिवसातली सगळ्यात वाईट घटका आम्ही आमच्या सोयीने निवडली होती.

पोस्टमन गेल्यावर सूनबाई स्वयंपाकघरात बोलल्या, कणीक मळता मळता, माझ्याकडे न बघता. आबा रात्री चार-पाच वेळा उठतात. दाराची कडी काढतात, म्हणून वरच्या बाजूला दुसरी कडी लावलीय. नवऱ्याला सकाळी नोकरी, मुलाचं बारावीचं वर्ष, म्हणून ती आबांच्या खोलीत खाली गादी टाकून झोपते. म्हणजे पडते. वर्षभरात सलग चार तास झोप झालेली तिला आठवत नव्हती. वर्गणीचं काय, असं मी विचारलं नाही. तिनेच सांगितलं की डायपरला महिन्याला किती लागतात. मग म्हणाली, “त्या दिवशी सगळ्यांनी माझ्यासाठी सहनशक्ती मागितली. ती आहे माझ्याकडे. झोप नाहीये.”

दुसऱ्या प्रार्थना-सभेला ती जात नव्हती. जाणार केव्हा?

पाळकसाहेबांनी काय बदललं

तिच्या परवानगीने मी पाळकसाहेबांना जेवढं सांगायचं तेवढं सांगितलं. त्यांनी वेळ सकाळी अकराची केली. पण त्या वेळी मुलगा कामावर, नातू कोचिंगला, म्हणजे घरात सूनबाई आणि आबा दोघंच. अशा घरी पाळकाने एकट्याने जाणं गल्लीत बरं दिसत नाही, आणि तिलाही अवघड. म्हणून पाळकीणबाई किंवा मी, दोघींपैकी एक बरोबर. दोघांपेक्षा जास्त माणसं नाहीत. आधी फोन, आणि ‘आज नको’ म्हटलं तर कारण विचारायचं नाही. गाणं आबांनीच सुरू केलं तर. पावतीपुस्तक कुठल्याच भेटीत न्यायचं नाही. यावर खजिनदार चिडले, वर्गणी गोळा करणं हेही सेवाकार्यच आहे म्हणाले. बरोबर आहे त्यांचं, पण ती वेगळ्या दिवशी, वेगळ्या माणसाने करावी.

व्यासपीठावरून कुणाचं नाव घ्यायचं असेल तर त्या व्यक्तीला विचारून, आणि कोणते शब्द वापरणार तेही सांगून. हा नियम सगळ्यांनाच लागू झाला आणि त्यावर कुरबूर अजून चालू आहे. काहींना वाटतं मंडळी म्हणजे कुटुंब, कुटुंबात लपवाछपवी कशाला. प्रार्थनेच्या विनंत्यांमधून आमच्याकडे जेवढ्या बातम्या फुटल्या आहेत तेवढ्या भांडणांतूनही फुटल्या नसतील, हे मी नावानिशी सांगू शकते.

पहिल्या दोन भेटींत पाळकसाहेब अवघडले. भजन नाही, उपदेश नाही, तर करायचं काय? त्यांनी आबांबरोबर शेंगा सोलल्या. आबा त्यांना आपल्या तरुणपणचे पाळक समजले आणि ‘सलाम, साहेब’ म्हणून उभे राहिले. पाळकसाहेबांनी चूक दुरुस्त केली नाही, सलाम घेतला. सूनबाई आतून म्हणाल्या, “बसा, मी तोवर अंघोळ करून घेते.” त्या सकाळी भेटीचा जो उपयोग झाला तो एवढाच, आणि मला तो पुरेसा वाटतो.

भाकर आणि प्याला

नाताळाच्या आधी सूनबाईंनीच विचारलं, आबांना घरी प्रभुभोजन देता येईल का. आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं, असं बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात आहे. वडिलांनी आपण होऊन चाल करून जावं असं नाही. या घरातून आलेलं हे पहिलं बोलावणं.

पंचकमिटीत एका ज्येष्ठ वडिलांनी हरकत घेतली. पौलाने करिंथकरांना, म्हणजे करिंथच्या मंडळीला, लिहिलंय की प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करून मग भाकर खावी आणि प्याल्यातून प्यावं. आबांना आपण काय खातोय हे कळत नाही, मग परीक्षा कसली करणार? हे वडील अडेलतट्टू नव्हेत. त्यांचा स्वतःचा भाऊ अशाच आजारात गेला आणि त्याला शेवटची दोन वर्षं प्रभुभोजन मिळालं नव्हतं. आता आबांना दिलं तर भावाला का नाही, हा प्रश्न त्यांच्या हरकतीखाली होता, असं मला वाटतं.

पाळकसाहेबांनी त्यांना उत्तर दिलं ते दोन अंगांनी. एक, त्या अध्यायात पौल रागावलाय तो करिंथच्या खात्यापित्या लोकांवर, जे गरिबांची वाट न बघता आधी जेवून घेत होते. ज्याला घास ओळखता येत नाही अशा म्हाताऱ्यावर ते वचन रोखणं म्हणजे त्याचा रोखच बदलणं. दुसरं, आबांचं दृढीकरण (विश्वास जाहीर करून मंडळीचं पूर्ण सभासद होणं) कधीचं झालेलं आहे आणि मंडळीने ते कधी रद्द केलेलं नाही. विस्मरण म्हणजे शिस्तभंग नव्हे. ठराव झाला, ज्येष्ठ वडील तटस्थ राहिले. पुढे ते आपण होऊन त्या भेटीला आले, हेही नोंदवते.

धर्मशास्त्राचा प्रश्न सुटल्यावर गिळण्याचा उभा राहिला. आबा घास गालात धरून ठेवायचे, पाण्याने ठसकायचे. या आजारात गिळण्याची क्रिया बिघडते आणि कोरडा तुकडा श्वासनलिकेत जाऊ शकतो. म्हणून त्यांना सरळ बसवलं, हनुवटी किंचित खाली, आणि भाकरीचा तांदळाएवढा कण द्राक्षरसात पुरता भिजवून चमच्याने दिला. गिळल्याची खात्री होईपर्यंत पाळकसाहेब पुढचं वाक्य बोलले नाहीत. मग त्यांनी सूनबाईंना दिलं. त्याही कित्येक महिने मेजाशी आलेल्या नव्हत्या, आणि हे आमच्यापैकी कुणाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

झोपेची व्यवस्था

सहनशक्ती नको, झोप हवी, हे ऐकल्यावर नुसती प्रार्थना करून उठणं शक्य नव्हतं. महिला मंडळातल्या तीन बायकांनी मंगळवार आणि शुक्रवार, दहा ते एक, आळीपाळीने आबांपाशी बसायचं कबूल केलं. तेवढ्या वेळात सूनबाई आतल्या खोलीत दार लावून झोपायच्या. मी बायकांना दोन दुपारी बसवून समजावलं : वाद घालायचा नाही, ‘आजी कुठे’ विचारलं तर ‘वारल्या’ असं दर वेळी नव्याने सांगायचं नाही, काही भरवायचं नाही, उठले तर बरोबर चालायचं. ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ आणि मानसिक आरोग्याच्या टेलिमानसच्या १४४१६ या हेल्पलाइनचे नंबर फ्रिजवर लावले.

तिघींपैकी एक महिन्यातच गळाली. आबांनी तिचा हात जोरात धरला आणि ती घाबरली. तिला दोष देत नाही. दुसरी मात्र इतकी रुळली की आबा आता तिला आपली बहीण समजतात आणि लहानपणच्या विहिरीच्या गोष्टी सांगतात. रात्रीच्या जागरणावर डॉक्टरांनी औषधाची वेळ बदलून पाहिली, थोडा फरक पडला. आजार आपल्या गतीने पुढेच चाललाय.

कमिटीत आता वाद आहे तो या मंगळवार-शुक्रवारच्या बसण्याला गृहभेट म्हणून मोजायचं की नाही याचा. शास्त्रपाठ होत नाही, पाळक नसतात, कधी कधी प्रार्थनाही होत नाही. सेक्रेटरींनी तूर्त रकाना कोरा ठेवलाय.

राहिलेलं काम

या सगळ्यात मुलगा कुठे आहे? पहिल्या भेटीत सगळे त्याच्याशीच बोलले, नंतर कुणीच नाही. रात्रीची पाळी त्याने आठवड्यातून दोनदा घ्यावी, असं सूनबाईंनी एकदा सुचवलं, तर तो ‘मला ते बघवत नाही’ म्हणून गच्चीवर गेला. वडिलांनी मुलाचं नाव विसरणं हे त्याचंही दुखणं आहे, आणि ते बायकोसमोर किंवा माझ्यासमोर निघणार नाही. महूची नणंदही अजून एकदाही राहायला आलेली नाही. तिच्याशी बोलायचं तर ते भावाने, सुनेने नव्हे.

म्हणून पाळकसाहेबांची पुढची भेट घरी ठरवलेली नाही. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात दुपारी दोनला जेवणाची सुट्टी असते, समोर चहाची टपरी आहे. ते एकटेच जाणार आहेत, आणि या वेळी मी बरोबर नाही.